हिरव्या तोंडाची बाई

आमच्या कॉलनीत कुणाच्या घरातून सुक्या बोंबलाचा वास यायचा, कुणाच्या घरातून लसणाच्या फोडणीचा. आमच्या घरातून टर्पेंटाइनचा यायचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, नाशकाच्या बसडेपोत पेंटर होते. गाड्यांच्या कपाळावर गावांची नावं लिहिणं हे त्यांचं रोजचं काम, आणि त्या नावांशी त्यांचा घरोबा होता. मालेगाव लिहायला सोपं, घोटी तर दोन फटक्यांत संपतं, पण इगतपुरीची पाटी पावसाळ्यात दोनदा करावी लागते, तिथला पाऊस अक्षरंसुद्धा सोडत नाही, असं ते जेवताना सांगायचे. रविवारी बाहेरची कामं घरी यायची: जयंतीच्या मिरवणुकीचे फलक, युनियनचे फलक, शाळांची संमेलनं, कुणाच्या तरी पिठाच्या गिरणीची पाटी. त्या दिवशी ओट्याला पत्रे आणि प्लायवूड टेकवलेले असायचे, रेडिओ मोठ्यानं लावलेला असायचा, आणि 'हात लावू नका' हे वाक्य दिवसभर ऐकत आम्ही पाच भावंडं हात लावत फिरायचो.

पाटीला आधी अस्तर लागतं, म्हणजे अक्षरं काढण्यापूर्वी सगळ्या पत्र्यावर एका रंगाचा सपाट हात. हे काम आईचं. ती घोटीकडची, भातखाचरात वाढलेली. लग्नाआधी तिनं हातात ब्रश धरला नव्हता. पण आप्पांनी एकदा दाखवलं आणि तिला ते असं जमलं की पुढं आप्पांनी अस्तराला हातच लावला नाही. आधी उभा हात, तो सुकायच्या आत त्यावर आडवा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं नुसतं कुरवाळणं. ब्रशची एक रेघ दिसायची नाही. तव्यावर भाकरी टाकून ती बाहेर येऊन दोन हात मारून जायची, आणि भाकरी उलटायची वेळ तिची कधी चुकली नाही. गिऱ्हाइकं पत्र्यावरून बोट फिरवून म्हणायची, "आप्पा, तुमचं अस्तर म्हणजे काच हो नुसती." आप्पा नम्रपणे म्हणायचे, "सवय आहे." आत आई भाकरी थापत असायची, आणि त्या वेळी तिची थाप जरा जोरात पडायची असं मला आता आठवतं, तेव्हा कुणाचं लक्ष होतं?

आप्पांना माणसं चांगली काढता यायची. म्हातारे, पुढारी, पैलवान, पोलीस, जो सांगाल तो. बाई मात्र एकच यायची. मिरवणुकीच्या फलकावर पंचशील ध्वज धरून उभी असलेली बाई म्हणजे आई. दवाखान्याच्या पाटीवरची नर्स म्हणजे आई, फक्त डोक्यावर टोपी. बचतीच्या जाहिरातीत डबा धरलेली गृहिणी आई, आणि एका सामाजिक नाटकाच्या फलकावर दारुड्या नवऱ्यापुढं पदर पसरणारी अभागी स्त्रीही आईच. ते बघून आई दोन दिवस आप्पांशी बोलली नव्हती. आप्पांचं म्हणणं असं की चेहरा काढायचा तर तो नीट बघितलेला लागतो, आणि मी नीट बघितलेली बाई एकच आहे. हे ते अभिमानानं सांगायचे. आई म्हणायची, "दुसरीकडं बघून तर दाखवा." कॉलनीला सगळं माहीत होतं. फलक लागला की बायका आईला विचारायच्या, आज कुठं उभं केलंय तुला?

आणीबाणी आली त्या दिवसांत कुटुंबनियोजनाची चित्रं गावोगावच्या भिंतींवर चढली. बसस्टँडसमोर एक लांबलचक भिंत होती. वरून हुकूम आला आणि ती भिंत आप्पांच्या वाट्याला आली. आप्पांनी आठवडा खपून चित्र काढलं: मागं हिरवंगार शेत, पुढं फेटेवाला शेतकरी, शेजारी त्याची बायको, आणि दोघांच्या मध्ये एक मुलगा, एक मुलगी. कोपऱ्यात लाल त्रिकोण, आणि वर दोन मुलांची महती सांगणारी ओळ. बायको कोण होती ते सांगायला नको. पाच पोरांची आई दोन पोरं घेऊन अख्ख्या स्टँडकडं बघून हसत होती. मग काय विचारता! "आप्पा, उरलेली तिघं कुठं ठेवलीत?" असं डेपोचा वॉचमनसुद्धा विचारायला लागला. घरात वेगळंच भांडण सुरू झालं. त्या चित्रातली दोघं म्हणजे आमच्यातली कोणती दोघं, यावरून. मी तिसरी. माझा नंबर कुठल्याच हिशेबात लागत नव्हता, म्हणून मी सगळ्यांत मोठ्यानं रडले.

पंधरा दिवस झाले नसतील, आणि एका दुपारी त्या बाईचा चेहरा नाहीसा झाला. बाकी चित्र जसंच्या तसं. साडी, बांगड्या, कपाळावरून मागं गेलेला पदर, सगळं जागच्या जागी. आणि तोंडाच्या जागी हिरवा गोल. आप्पांना डेपोच्या साहेबांनी बोलावून घेतलं, उभं करून विचारलं, कुणी केलं? आप्पांना खरंच माहीत नव्हतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत असणार, कारण साहेबांनी त्यांना सोडून दिलं. दुरुस्त करायला दुसऱ्या पेंटरला सांगतो म्हणाले, मग सरकार बदललं, आणि भिंत तशीच राहिली. लोक तिला हिरव्या तोंडाची बाई म्हणू लागले. मालेगावची गाडी कुठं लागते म्हणून कुणी विचारलं तर सांगायचे, "हिरव्या तोंडाच्या बाईसमोर उभं राहा."

आप्पांनी मात्र गुन्हेगार हुडकून काढला. ते भिंतीजवळ गेले, तिरक्या उन्हात हिरव्या रंगावरून नजर फिरवली, बोट फिरवलं, आणि घरी येऊन गंभीरपणे म्हणाले, "हे शिकलेल्या हाताचं काम आहे. ओघळ नाही, रेघ नाही. असं अस्तर नाशकात दोघांनाच जमतं. एक मी. दुसरा उस्मान." उस्मानभाई मूळ मालेगावचे, सिनेमाचे फलक रंगवायचे, आणि आप्पांचे जुने दोस्त. त्या दिवसापासून आप्पांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आठ वर्षं! उस्मानभाई समोरून आले की आप्पा सायकलवरून उतरून पलीकडच्या फुटपाथवर जायचे. ईदला उस्मानभाईंकडून शीरखुर्म्याचा डबा मात्र दरवर्षी यायचा. आप्पा त्याकडं पाठ करून बसायचे, आम्ही तो चाटूनपुसून संपवायचो, आणि आई डबा घासून त्यात काहीतरी भरून परत पाठवायची. तिनं त्या आठ वर्षांत या विषयावर एक अक्षर काढलं नाही.

मी चित्रकलेच्या कॉलेजात गेले आणि घराला नवा ताप झाला. आप्पांची इच्छा होती मी डीएड करून शाळेत लागावं. चित्रं म्हणजे हात घाण करून घेण्याचं काम, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण मी हट्टानं गेले, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत माझ्या बोलण्यातून साधे शब्द हद्दपार झाले. अवकाश, पोत, ताण, विरूपण. आप्पांच्या फलकांना मी 'भाबडा वास्तववाद' म्हणायचे. एकदा जेवताना मी भाकरीवरच्या काळ्या डागांकडं बघून म्हणाले, "आई, या काळ्या आकारांमध्ये काय ताण आहे!" आई म्हणाली, "ताण नाय बाई, तवा लय तापलाय." आज मला त्या मुलीला दोन टपल्या माराव्याशा वाटतात, आणि थोडं जवळही घ्यावंसं वाटतं. ती खरोखर पेटलेली होती.

पेटवणारे होते गुप्ते सर. महिन्यातून दोनदा मुंबईहून यायचे. खादीचा कुडता, खांद्याला शबनम पिशवी, आणि स्लाइड दाखवायचं एक यंत्र, जे दर तिसऱ्या स्लाइडला अडकायचं. आम्हाला आधुनिक चित्रं आणि जुनी पोस्टरं त्यांनीच दाखवली. परदेशातल्या आवळलेल्या मुठी, कारखान्यांची धुराडी, डोळे वटारलेले सैनिक. म्हणायचे, पोस्टर सुंदर आहे का हे विचारू नका. कोण बोलतंय, कुणाच्या तोंडून बोलतंय आणि कुणाला ऐकवतंय, हे विचारा. त्यांचा शब्द मुंबईच्या मोठ्या कॉलेजात चालायचा. दरवर्षी आमच्यातल्या एकाला ते शिफारस देऊन तिकडं न्यायचे. त्या वर्षी त्यांनी सांगितलं, आपल्या गावातलं एक पोस्टर घ्या आणि त्याचा सामाजिक अर्थ लावा. ज्याचा निबंध उत्तम, त्याला शिफारस. मला ती जागा इतकी हवी होती की भूक लागायची नाही. नाशकात राहिले तर मी पाट्या रंगवणाऱ्याची मुलगी. मुंबईत गेले तर चित्रकार. तेव्हाचं माझं गणित इतकं सरळ होतं, आणि ते लिहायला आज लाज वाटते.

मी हिरव्या तोंडाची बाई निवडली. ती आपल्या घरातली हे मी निबंधात सांगितलं नाही. 'अनाम भित्तिचित्रकार' असं लिहिलं. निबंध सरांना फार आवडला. पुढच्या भेटीत सगळ्यांसमोर वाच म्हणाले. म्हणून एका रविवारी दुपारी, आप्पा जेवत असताना आणि आई चुलीपुढं असताना, मी सराव म्हणून तो मोठ्यानं वाचायला घेतला. "सत्तेने या स्त्रीचा चेहरा हिरावून घेतला आहे. तिला नाव नाही, मत नाही, मुखही नाही. त्या जागी आला आहे हिरवा, म्हणजे सुपीकतेचा रंग. ज्या सुपीकतेला हे पोस्टर आवर घालू पाहते, तीच तिच्या तोंडावर फासलेली आहे." इथं मी दाद मिळावी म्हणून थांबले. आई पदर तोंडाला लावून हसत होती. आधी खांदे हलले, मग ती भिंतीला टेकली, मग डोळ्यांतून पाणी, आणि तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी तिला ते कळलं नाही.

"अगं, कोन सत्ता?" ती कशीबशी म्हणाली. "म्या पुसलं ते."

मी हातातले कागद खाली घेतले. आप्पांचा घास हातातच राहिला.

"हिरवा कशाला पण?" मी विचारलं. एवढं सगळं कोसळत असताना मला रंगाचीच पडली होती.

"शेत काढून उरला होता तोच डबा उघडा होता," आई म्हणाली.

का पुसलंस, कधी पुसलंस, असं आप्पांनी मात्र काही विचारलं नाही. तिच्याकडं बघून ते म्हणाले, "शेवटचा हात कोरड्या ब्रशनं मारलास?"

"मग? ओघळ सोडू? भर रस्त्यावर?"

मग तिनं सांगितलं. तिची चुलत बहीण सोनामावशी त्या दिवसांत घोटीहून आली होती. स्टँडवर उतरली, समोर बघते तर ताई. भली मोठी, हसणारी, डोक्यावर दोन मुलांची ओळ. सोनामावशीला एकच मुलगी. गावात लोकांना नसबंदीसाठी जीपमध्ये घालून नेत होते, सगळे घाबरलेले. पण ताईचं तोंड बघून तिची भीतीच गेली. घरी येऊन म्हणाली, "ताई, तू सांगतीस तर मी करून टाकते ते आप्रेशन. चल, मला दवाखान्यात ने." आईनं तिला समजावलं, जेवू घातलं, घोटीच्या गाडीत बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा भिंतीवरची ती अजून हसतच होती. "म्या कायबी बोलले नव्हते," आई म्हणाली. "करा पण नाय, करू नका पण नाय. मला कोणी इचारलं होतं? बोलायचं त्यांनी आन तोंड माझं? सोनीसारख्या अजून किती उतरत असतील गाडीतून. मग भर उन्हात गेले. सारा स्टँड झोपला होता. स्टुलावर चढले आन मारला हात."

गुप्ते सरांचे ते तीन प्रश्न मी वहीत लिहून, खाली दोन रेघा मारून ठेवले होते. आईला ते कुणी सांगितले नव्हते, आणि तिनं ते स्टुलावर उभं राहून सोडवले होते. मी निबंधात लिहिलं होतं की या बाईला मत नाही.

आप्पांनी हात धुतला, शर्ट चढवला आणि सायकल काढली. जेवण अर्धं तसंच. तासाभरानं ते परत आले ते उस्मानभाईंना घेऊनच. उस्मानभाई दारातूनच ओरडले, "भाभी, आठ साल! आठ साल आपका इल्जाम मेरे नामपे खाया मैंने!" मग आत बसून त्यांनी कबूल केलं, की आप्पा आपल्यावर आळ घेतात हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. "मग नाही म्हणून सांगितलं का नाहीस?" आप्पा म्हणाले. उस्मानभाई लाजले. "काम इतकं साफ होतं आप्पा, नाही म्हणायला मन झालं नाही. लोक विचारायचे, मी नुसता हसायचो." नाशकातले दोन नामांकित पेंटर शेजारी शेजारी बसून चहा पीत होते, आणि दोघांनीही आईच्या हाताची वाहवा वर्षानुवर्षं आपल्या खिशात घातली होती. मी आईला विचारलं, तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, "साहेबानं इचारलं तवा यांना ठावं असतं तर यांना खोटं बोलता आलं नसतं, लाल होतात लगेच. नोकरी गेली असती. मंग पुढं राहून गेलं. शीरखुर्मा तर येतच होता."

सोमवारी मी सरांच्या पत्त्यावर पत्र टाकलं, माझा निबंध चूक आहे म्हणून. मला वाटलं, संपलं. पण सर पुढच्या भेटीत स्टेशनवरून सरळ आमच्या घरी आले. आईच्या हातचं पिठलं-भाकरी खाल्ली, भाकरीबद्दल 'पोत' हा शब्द वापरला तेव्हा मी आईकडं बघणं टाळलं, आणि मग त्यांनी आईला एकेक प्रश्न विचारला. ती ओट्यावर बसून मोजकी उत्तरं देत होती. सरांचे डोळे चमकत होते. जाताना मला म्हणाले, "हे पुन्हा लिही. सगळं. आईंचं पूर्ण नाव घाल, भिंतीशेजारी त्यांचा फोटो काढून घे. मी आमच्या मासिकाच्या अंकात छापतो, आणि शिफारस तुझीच." मी म्हटलं, नाव नाही घातलं तर? "मग ती दंतकथा होते," ते म्हणाले. "अभ्यासाला नाव लागतं." ते चूक बोलत होते असं मला आजही वाटत नाही.

मी चार दिवसांत लिहून काढलं. इतकं बरं मी आधी कधी लिहिलं नव्हतं, नंतरही क्वचितच. आईला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. सोनामावशीपाशी हात थांबले, स्टुलापाशी किंचित हसली. शेवटी म्हणाली, "चांगलं लिव्हलंस. नाव तेवढं खोड."

"नाव खोडलं तर सर छापणार नाहीत, आई. आता कसली भीती? आणीबाणी केव्हाच संपली, कुणी काही करणार नाही तुला."

"भ्या कुठं हाय मला?" ती म्हणाली. "म्या तोंड पुसलं. आता तू नाव लावतीस व्हय?"

मी खूप बोलले. तोंड आणि नाव यांतला फरक समजावला. तेव्हा तुझ्या तोंडी दुसऱ्याचं बोलणं होतं, आता तुझंच बोलणं तुझ्या नावावर येणार आहे, हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्यापुढं सोललेले दाणे सरकवले आणि म्हणाली, "कागद तुझ्या हातात हाय. म्या काय हिसकून घेत नाय. तवा मला कोणी इचारलं नव्हतं. तू इचारलंस, लय बरं वाटलं. नको म्हनते मी." आणि सुपातला कचरा टाकायला बाहेर गेली.

मी त्या दिवशी तिचा फार राग केला. पाकीट तयार होतं, तिकीट लावलेलं होतं, आणि तिला वाचता येत नव्हतं. अंक घरात आला असता तरी तिला कळलं नसतं. पोस्टाच्या पेटीपर्यंत मी दोनदा गेले. 'तू इचारलंस, लय बरं वाटलं' असं ती म्हणाली नसती, तर मी ते टाकलं असतं. दोन्ही वेळा मी पाकीट घेऊन परत आले. मुंबईची जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. मी आईला म्हणाले, तुझ्यामुळं गेली माझी मुंबई. महिनाभर मला ती न विचारताच गरम भाकरी वाढत राहिली, आणि मी मान वर न करता जेवत राहिले. मी नाशकातच राहिले, शाळेत चित्रकला शिकवली, तीस वर्षं. त्यातली पहिली काही वर्षं मनातून रडत शिकवली. नंतर मुलं आवडायला लागली.

भिंत आता नाही, आई नाही, आप्पा आणि उस्मानभाई तर कधीच गेले. परवा माझ्या या आठवणींच्या पुस्तकाची छपाईपूर्व प्रत तपासायला आली. संपादनाचं काम करणारी मुलगी हुशार आहे. तिनं या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलंय, "उस्मानभाई, सोनामावशी, गुप्ते सर, सगळ्यांची नावं आली आहेत. आईंचं नाव लिहायचं राहिलंय का?" मी त्याखाली लिहून पाठवलं, राहिलेलं नाही. मी आईला विचारलं होतं, आणि ती नको म्हणाली होती.